सोलापूरच्या वर्गात हिवाळ्याचे इंग्रजी

सोलापूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका मराठी शाळेत दुसरी-तिसरीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे, की डिसेंबर-जानेवारीत हिवाळा हा विषय धरून इंग्रजीचे कोणते उपक्रम घ्यावेत. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या कृतिपत्रिकांत बर्फाचा बाहुला, घसरगाडी आणि भिंतीतली शेकोटी यांखेरीज फारसे काही नसते आणि त्यांच्या चाळीस मुलांपैकी एकानेही बर्फ पडताना पाहिलेला नाही, ही त्यांची मुख्य अडचण आहे. शाळा सकाळी ९ वाजता भरते, शनिवारी त्याहून लवकर. वर्गात घरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकत्र बसतात, तास ३५ मिनिटांचा असतो आणि साहित्यासाठी वेगळा निधी नाही.

ताई, त्याच कृतिपत्रिका मीही सुरुवातीची काही वर्षे वाटल्या आहेत. राज्याने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हा आम्हा शिक्षकांपाशी साहित्याची एवढी वानवा होती, की जे चित्र हाती पडेल ते आम्ही वर्गात नेत असू. एकदा भिंतीतल्या शेकोटीचे चित्र रंगवायला दिले, तेव्हा एका मुलाने त्या शेकोटीवर तवा काढला, तव्यावर भाकरी काढली आणि शेजारी फुंकणीही काढली. मी त्याला ते खोडायला लावले, आणि त्याची रुखरुख आजही मनात आहे, कारण त्याने समोरच्या अनोळखी वस्तूला आपल्या घरातली ओळख देऊ केली होती. लहान मुलाला एका वेळी एकच अनोळखी गोष्ट पेलते. वस्तू ओळखीची असेल, तर शब्द नवा चालतो. वस्तूही नवी आणि शब्दही नवा असेल, तर मूल चित्र रंगवते, घंटा वाजली की वही मिटते आणि त्याच्यापाशी काहीच उरत नाही. म्हणून जी थंडी मुलांच्या अंगाला लागते तिच्यापासून सुरुवात करावी आणि बर्फाला शेवटच्या आठवड्यात पाहुणा म्हणून बोलवावे, असे माझे मत आहे.

बर्फाबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. सोलापूरच्या मुलाच्या लेखी बर्फ ही उन्हाळ्यातली वस्तू आहे. बर्फ म्हणजे गोळेवाल्याची गाडी, उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, लग्नातल्या सरबताचे पिंप. त्यामुळे हिवाळ्याच्या पाठात ‘आइस’ आणि ‘स्नो’ हे शब्द पहिल्याच दिवशी आणले, तर मुलांच्या मनातले ऋतूच उलटेपालटे होतात. त्यातच मराठीत दोन्हींना आपण बर्फच म्हणतो. हा गुंता सोडवता येतो. मात्र त्याचा क्रम नंतरचा आहे.

पहिला आठवडा मी एकाच शब्दावर घालवते. तो शब्द म्हणजे ‘कोल्ड’. मराठी मूल तीन वेगळ्या गोष्टी तीन वेगळ्या प्रकारे सांगते: हवा थंड आहे, मला थंडी वाजते, मला सर्दी झाली. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच शब्द येतो आणि फरक त्याच्या मागच्या शब्दांत असतो: ‘इट इज कोल्ड’, ‘आय ॲम कोल्ड’, ‘आय हॅव अ कोल्ड’. मूल मराठीच्या वळणाने ‘आय हॅव कोल्ड’ असे म्हणते, तेव्हा त्याला थंडी वाजते आहे की त्याचे नाक वाहते आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांची तर आणखी गंमत असते, कारण त्यांच्या घरी ‘सर्दी’ म्हणजे थंडीचा मोसमही असतो. तेलुगूत थंडीला ‘चलि’ म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘चळि’. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या घरचा शब्द मोठ्याने सांगू द्यावा आणि चारही शब्द फळ्यावर एका रांगेत लिहावेत. शहराच्या पूर्व भागातून, म्हणजे तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीतून, येणारी जी मुले मराठीच्या तासालाही गप्प बसतात, ती त्या दिवशी बोलतात. चार शब्द एका ओळीत आले, की पाचवा इंग्रजी शब्द त्यांच्या शेजारी आपसूक बसतो आणि वर्गातल्या कोणाच्याच घरचा नसल्यामुळे तो सर्वांना सारखाच नवा असतो.

मग खेळ घ्यावा. ‘इट इज कोल्ड’ ऐकले की हात खिडकीकडे करायचा, ‘आय ॲम कोल्ड’ ऐकले की दोन्ही हात छातीशी घेऊन कुडकुडायचे, आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ ऐकले की रुमालात शिंकायचे. आधी दोन दिवस मुलांनी बोलायचे नाही, फक्त ऐकून कृती करायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ऐकणे आणि अंगाने कृती करणे यांवर आधारलेली जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे, की आकलन आधी येते आणि बोलणे नंतर. त्याची घाई करायची नसते. तिसऱ्या दिवशी एखादे चुणचुणीत मूल स्वतःच पुढे येऊन आज्ञा देऊ लागते. तिथून पुढे आपण बाजूला व्हावे. शिंका काढायला मुलांना फार आवडते आणि वर्गात गोंधळ होतो, तो मी होऊ देते.

दुसरा धागा कपड्यांचा. इथे तुमचे अर्धे काम आधीच झालेले आहे. स्वेटर, मफलर, स्कार्फ, जर्किन, सॉक्स, कोट, शॉल हे शब्द मुले घरी वापरतातच; ते इंग्रजी आहेत एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. ‘तुम्हाला इतके इंग्रजी आधीच येते’ असे सांगून ही यादी मुलांकडूनच काढून घ्यावी. ‘शॉल’ तर आपल्याच बाजूने, फारसीतल्या ‘शाल’वरून, इंग्रजीत गेलेला आहे. कानटोपीला ‘मंकी कॅप’ म्हणू द्यावे. हातमोजे आणि पायमोजे यांच्यासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. आपल्याकडे दोन्ही मोजेच असतात, इंग्रजीत मात्र ‘ग्लव्ह्ज’ आणि ‘सॉक्स’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे हातात सॉक्स चढवून दाखवले की वर्ग हसतो आणि फरक लक्षात राहतो.

खरी अडचण क्रियापदांची आहे. मराठीत आपण स्वेटर घालतो, टोपी घालतो, चप्पलही घालतो, शाल पांघरतो, मफलर गुंडाळतो; आणि ‘त्याने स्वेटर घातला आहे’ या वाक्यात घालण्याची कृती संपलेली असूनही क्रियापद तेच राहते. इंग्रजीत घालण्याच्या कृतीला ‘पुट ऑन’ लागते आणि अंगावर असण्याच्या अवस्थेला ‘वेअर’. व्याकरणाची परिभाषा वापरून हा भेद दुसरीच्या मुलाला समजावता येत नाही, परंतु सोलापूरचा हिवाळा तो रोज फुकट शिकवतो. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तो ३० च्या जवळ पोहोचतो. सकाळी स्वेटर घालून आलेले मूल अकरा वाजता तो काढून कमरेला बांधते. त्याच क्षणी ‘टेक ऑफ युअर स्वेटर’ म्हणावे, सकाळी परिपाठाच्या वेळी ‘व्हॉट आर यू वेअरिंग?’ असे विचारावे आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत, जेव्हा सगळेच गारठलेले असतात, तेव्हा ‘पुट ऑन युअर कॅप’ म्हणावे. योग्य प्रसंग रोज ठरलेल्या वेळी चालून येत असताना त्यासाठी वेगळा तास राखण्याची गरज नसते.

इथे एक सावधगिरी आग्रहाने सांगते. ‘ज्यांनी स्वेटर घातला आहे त्यांनी उभे राहा’ असा खेळ कधीही घेऊ नये. चाळीसांच्या वर्गात चार-पाच मुलांकडे स्वेटर नसतो, किंवा मोठ्या भावाचा विरलेला असतो, आणि ती कोण हे एका वाक्यात सगळ्या वर्गाला दिसते. त्यापेक्षा कपड्यांचे एक बोचके वर्गाचे म्हणून ठेवावे. शिक्षकांच्या घरचे जुने मफलर, टोपी, मोठ्या मापाचा कोट एवढे पुरते. मोठ्या मापाचा असला तर उत्तमच, कारण तो घालून मूल आजोबा होते आणि आजोबा झालेले मूल इंग्रजी बोलायला लाजत नाही.

त्याच बोचक्यात एक सोलापुरी चादर असावी, आणि ती तर तुमच्या गावात कोणाच्याही घरी मिळेल. एका मुलाला वर्गाबाहेर पाठवून दुसऱ्याला चादरीखाली लपवायचे. बाहेरून आलेल्याने प्रश्न विचारायचे: ‘आर यू अ बॉय?’, ‘आर यू वेअरिंग अ कॅप?’, ‘आर यू कोल्ड?’. चादरीखालून फक्त ‘येस’ किंवा ‘नो’ येते आणि आवाज बदलून बोलायची मुभा असते. प्रश्नार्थक वाक्यरचना घोटून घ्यायला याहून चांगला खेळ मला गेल्या वीस वर्षांत सापडला नाही. वीणकाम घरात असलेली मुले तुमच्या वर्गात असतील, तर चादरीवरच्या नक्षीतले रंग आणि आकार त्यांनाच सांगू द्यावेत. त्यांचे डोळे त्यात तयार असतात. चादरीला इंग्रजीत काय म्हणायचे, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. चादरच म्हणायचे. ‘ब्लँकेट’ हा शब्द घोंगडीच्या जवळचा आहे, आणि दोन्ही हाताळून बघितल्यावर ‘थिक’, ‘सॉफ्ट’, ‘रफ’ हे शब्द बोटांनाच कळतात.

आता माझ्या सर्वांत आवडत्या साहित्याकडे येते, ते म्हणजे खोबरेल तेलाची पारदर्शक बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात ते रात्रीतून पांढरे, घट्ट होते आणि आई बाटली उन्हात ठेवते. बर्फाच्या देशातल्या शिक्षकाला जे काम बर्फ करून देतो, ते आपल्याला खोबरेल करून देते. शनिवारी सकाळी बाटली वर्गात आणून उलटी धरावी. तेल पडत नाही. ‘इज इट हार्ड ऑर सॉफ्ट?’ असे विचारावे. मग ती उन्हातल्या पायरीवर ठेवावी आणि मुलांना अंदाज करायला सांगावा: ‘विल इट मेल्ट?’ दर दहा मिनिटांनी एकाने जाऊन बघून यायचे आणि येऊन एकच वाक्य सांगायचे: ‘इट इज हार्ड’, ‘इट इज मेल्टिंग’, ‘इट हॅज मेल्टेड’. कृती घडत असताना आणि कृती संपल्यावर इंग्रजी क्रियापदाचे रूप कसे पालटते, हे मुले डोळ्यांनी पाहतात. एका वर्षी ऊनच पडले नाही, ढगाळ हवेत बाटली तासभर तशीच राहिली आणि आमच्या वर्गाला ‘स्टिल हार्ड’ मधला ‘स्टिल’ मिळाला, जो मी शिकवायचे ठरवलेले नव्हते. बाटली शेगडीवर किंवा गरम पाण्यात मात्र ठेवू नये, मुलांनी हट्ट केला तरी.

वर्गात साधा भिंतीवरचा तापमापक असला तर फार उपयोग होतो. दररोज एकाच वेळी एका जोडीने आकडा वाचायचा, तक्त्यावर लिहायचा आणि कालच्या आकड्याशी ताडून ‘टुडे इज कोल्डर दॅन यस्टरडे’ असे म्हणायचे. तापमापक नसेल, तर गारठलेली स्टीलची ताटली पुरते: तिच्यावर तोंडाने हळूच वाफ सोडली की ती धुरकट होते. ‘ब्लो’, ‘लुक’, ‘फॉग’. श्वासातली वाफ थंड पृष्ठभागावर जमते, हे परिसर अभ्यासाच्या तासाला सांगता येईल. इंग्रजीच्या तासाला तीन शब्द पुरेसे आहेत.

ताटलीवरून उच्चारांकडे वळता येते. मराठी मूल ‘विंटर’ आणि ‘व्हॅन’ यांतला व एकसारखाच म्हणते. ‘विंटर’ म्हणताना ओठ गरम चहावर फुंकर घालताना होतात तसे गोल करायचे, आणि ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, एवढे सांगितले की बहुतेकांना जमते. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी काही मुले ‘कोट’ला ‘कोटु’ म्हणतात, कारण त्या भाषांत शब्द सहसा स्वरावर संपतो. तर उर्दू बोलणारी काही मुले ‘स्कार्फ’ला ‘इस्कार्फ’ म्हणतात. याला हसू देऊ नये आणि त्यावर फार वेळही घालवू नये. बरोबर उच्चार वारंवार कानावर पडत राहिला की ते सुधारते.

जानेवारी लागला की शेतांत हुरडा येतो आणि हुरड्यासारखा क्रियापदांचा पाठ दुसरा नाही. आगटीत कणीस भाजायचे, हातावर चोळायचे, फुंकर घालून फोल उडवायचे आणि खायचे: ‘रोस्ट इट, रब इट, ब्लो ऑन इट, ईट इट’. चार ओळी, चार हालचाली, टाळीचा ठेका. सगळे अभिनयाने करावे. शाळेच्या आवारात विस्तव नको. हुरड्याला, शेंगाचटणीला, हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीला इंग्रजी नावे शोधत बसू नये. ‘आय लाइक हुरडा’ हे पूर्णपणे शुद्ध इंग्रजी वाक्य आहे. मात्र शेतावर कधीच न गेलेली शहरी मुले वर्गात असतील, तर आधी गावाकडच्या मुलांना मराठीत दोन मिनिटे सांगू द्यावे. त्यांचे वर्गातले वजन त्या दोन मिनिटांत वाढते.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, लागतो. त्या आठवड्यात मुलांचे मन वर्गात नसते. म्हणून गड्डाच वर्गात आणावा. यात्रेच्या आधी चार बाके चार दुकाने करावीत: बांगड्या, खेळणी, तिळगूळ, टोप्या. ‘हाऊ मच इज दिस?’, ‘टेन रुपीज’, ‘हिअर यू आर’, ‘थँक यू’ एवढे संवाद पुरतात. घासाघीस मुले आपणहून करतात आणि ‘नो, फाइव्ह रुपीज!’ हे वाक्य कोणी शिकवावे लागत नाही. यात्रा झाल्यावर मात्र भूतकाळ घ्यावा, कारण सांगण्यासारखे काही असल्याखेरीज भूतकाळ शिकता येत नाही: ‘आय वेन्ट’, ‘आय सॉ’, ‘आय एट’. ही तिन्ही अनियमित रूपे आहेत आणि पाठांतराने ती रुजायला महिने लागतात. पाळण्यात बसून आलेले मूल ती दोन दिवसांत उचलते. गड्ड्याला सगळ्या धर्मांची, सगळ्या गल्ल्यांची मुले जातात, ही त्यातली मोठी सोय आहे. जे मूल गेलेच नसेल, त्याला दुकानदार नेमावे आणि बाकीच्यांनी त्याला येऊन सांगावे. नंदीध्वज, अक्षता, तिळगूळ हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ याचे शब्दशः इंग्रजी करून फळ्यावर लिहिण्याचा मोह टाळावा. ‘प्लीज टेक वन’ एवढेच त्या प्रसंगी खरोखर बोलले जाते.

आता बर्फ. त्याला वर्गात आणण्यासाठी मी एका पक्ष्याचा आधार घेते. उजनी धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात जे पाहुणे पक्षी उतरतात, त्यांत डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हंस असतो, ज्याला पट्टकादंब म्हणतात. तो मध्य आशियातून आणि तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतो. का येतो, या प्रश्नाच्या उत्तरात बर्फ आपोआप येतो: तिकडे जमीन बर्फाखाली जाते, पाणी गोठते, खायला मिळत नाही. गोष्ट अशी सांगते: ‘देअर इज स्नो. देअर इज नो फूड. द बर्ड इज कोल्ड अँड हंग्री. इट फ्लाइज अँड फ्लाइज. इट कम्स टू सोलापूर.’ वर्गाच्या एका कोपऱ्यात पांढरा कापूस पसरून तो उत्तरेकडचा देश करावा, मधल्या बाकांचा हिमालय करावा आणि दुसऱ्या कोपऱ्यात निळी साडी अंथरून जलाशय करावा. मुले हात पसरून उडत जातात, बाकांवरून चढून उतरतात आणि पाण्यावर उतरल्यावर ‘इट इज वॉर्म हिअर!’ असे ओरडतात. आपल्या ज्या हवेत ती सकाळी कुडकुडत होती, त्याच हवेला पक्ष्याच्या तोंडून ‘वॉर्म’ म्हणताना त्यांना मोठी मौज वाटते. आमच्या एका मुलीने त्यावर हरकत घेतली होती, की सकाळी थंडी होती आणि आता उबदार कसे. तिला उत्तर वर्गातल्याच दुसऱ्या मुलीने दिले, की पक्ष्याला विचार.

एवढे झाल्यावर ‘आइस’ आणि ‘स्नो’ वेगळे करता येतात. गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी म्हणजे ‘आइस’, आणि तिचा किसून झालेला भुगा आकाशातून पडला तर ‘स्नो’, असे सांगितले की मुलांना पटते. शास्त्रीयदृष्ट्या ते तंतोतंत बरोबर नाही, कारण हिमकण ढगांतच स्फटिक म्हणून तयार होतात, परंतु पहिल्या ओळखीला ही तुलना चालते. कागदाचा हिमकण करायचा असेल, तर तो सहा पाकळ्यांचाच करावा. खरे हिमस्फटिक सहा बाजूंचे असतात आणि आपण घाईत चार किंवा आठ घड्या घालून तो चुकवतो. कागद एकदा दुमडून अर्धा करावा, मग त्याच्या तीन सारख्या घड्या घालाव्यात. ‘फोल्ड’, ‘कट’, ‘ओपन’ या तीन आज्ञांवर पूर्ण तास चालतो. आणि तुमचा तो बर्फाचा बाहुलाही शेवटी करायला हरकत नाही. कापसाचा करावा, आणि त्याला काय घालायचे हे मुलांनी ठरवावे. आमच्या वर्गातल्या बाहुल्याला दरवर्षी कानटोपी मिळते.

मूल्यमापनाचे तुम्ही विचारले नाही, तरी वरिष्ठ विचारतीलच. मी लेखी चाचणी घेत नाही. तापमापकाच्या तक्त्याजवळ उभे राहून रोज चार मुलांशी अर्धा-अर्धा मिनिट बोलते आणि कोणाला कोणते वाक्य न अडखळता आले याची वहीत खूण करते. दहा दिवसांत चाळीसही मुले होतात.

रथसप्तमीनंतर ऊन चढू लागते, मुले स्वेटर आणायचे विसरतात आणि खोबरेल सकाळीही पातळच राहते. तक्ता तेव्हा भिंतीवरून काढू नका. ‘कोल्डर’च्या जागी ‘हॉटर’ येतो, आणि मार्चमध्ये शाळेच्या फाटकाशी गोळ्याची पहिली गाडी लागली, की मुलांना बाहेर नेऊन लादीकडे बोट दाखवत विचारा: ‘आइस ऑर स्नो?’